काळी लोकर

मनालीच्या सहलीची बॅग उघडी होती आणि प्रमिलाताईंनी पलंगभर लोकरीचे गुंडे मांडले होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर विणायला बसायची परवानगी डॉक्टरांनी कालच दिली होती.

"आई, ही पांढरी बाळटोपी विणायला घ्या," सून ऋजुता म्हणाली. "नाहीतर क्रोशाचा रुमाल. सोपं काहीतरी. गाडीत उजेड कमी असतो."

प्रमिलाताईंनी टोपी आणि रुमाल बॅगेत ठेवले, पुन्हा बाहेर काढले. मग कपाटातून काळी लोकर आणली. नवऱ्यासाठी हौसेनं स्वेटर सुरू केला होता, पण काळ्यावर टाके दिसेनासे झाले, तेव्हा पाठ अर्धी विणून तो तसाच गुंडाळून ठेवला होता.

खिडकीशी बसून त्यांनी एक ओळ विणली. प्रत्येक टाका सुटा, स्वच्छ दिसत होता. त्यांनी घाईघाईनं दुसरी ओळ घेतली.

"अहो, इकडे या," त्यांनी हाक मारली. "बाह्यांचं माप द्या."

"आत्ता? निघायचंय ना आपल्याला?"

"म्हणूनच. गाडीतच पुरा करते. मनालीच्या थंडीत घालाल."

नवरा हातातलं वर्तमानपत्र ठेवून आला आणि दोन्ही हात पसरून उभा राहिला.