साहेबांसाठी राखलेली बिअर

प्रसेनजित गाडीतून उतरला तो थेट बाटलीवरच आला. "वहिनी, आणा ती. पाच वर्षं झाली." ना जयभीम, ना भिंतीवरच्या दादाच्या फोटोकडे एक नजर. सोबत पुण्याचे साहेब होते. त्यांना या काळ्या बिअरचं भारी वेड, आणि त्याची बढती त्यांच्याच हातात. हे त्यानं काल फोनवर वहिनीला, रत्नमालेला, तीनदा ऐकवलं होतं.

लाकडी पिंपात वर्षभर मुरवलेली, मेणानं तोंड बंद केलेली ती मोठी बाटली. जितकी राखाल तितकी चव चढते म्हणे, आणि आता मागूनही मिळत नाही. पुण्याच्या फ्लॅटात तिला उकडायचं, म्हणून महाराणीची रवानगी गावी, मेडशीला, वहिनीच्या मातीच्या थंडगार खोलीत. पंचशील म्हणणाऱ्या घरात दारू नको, असं रत्नमाला तेव्हाच म्हणाली होती. "लहाना भाऊ हाय, राहू दे," म्हणत तिच्या नवऱ्यानं, इंद्रभाननं, ती स्वतः कोठीमागं ठेवली.

तोच इंद्रभान तीन वर्षांपूर्वी अकोल्याच्या दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होता. प्रसेनजितला सगळं ठाऊक होतं, पण तो फिरकला नाही. एका दुपारी फोन मात्र आला. "वहिनी, ऊन लय हाय यंदा. बाटली थंड्यात हाय ना?" भावाबद्दल एक शब्द नाही. रत्नमालेच्या अंगाची आग आग झाली. या माणसाच्या घशाखाली त्या बाटलीतला थेंब जाऊ द्यायचा नाही, हे तिनं तिथंच, पलंगाशी उभ्या उभ्या ठरवलं.

"वावरात हाय," ती म्हणाली. "चाला."

"वावरात? उघड्यावर?" प्रसेनजितचा चेहरा उतरला. साहेब मात्र बूट चिखलात रुतवत हौसेनं निघाले.

सोयाबीन नुकतं दोन पानांवर आलं होतं आणि आठवडाभर गोगलगायी ते फस्त करत होत्या. रत्नमाला धुऱ्याच्या बांधापाशी थांबली. तिथं सहा-सात जुन्या ताटल्या मातीत काठापर्यंत पुरलेल्या होत्या. प्रत्येकीत काळं पाणी आणि मेलेल्या गोगलगायींचा खच. बाजूला रिकामी बाटली.

साहेबांनी वाकून वास घेतला. मग प्रसेनजितकडे पाहिलं. "हीच का?"

"वहिनी, कायले केलं हे?" त्याचा आवाज फाटला.

"अकोल्याले फोन केला होता ना तुमी? तुमच्या दादाच्या शेवटच्या दिसात?"

प्रसेनजितनं रिकामी बाटली उचलून उपडी केली. साहेब गाडीकडे वळले.

"काल तुमचा फोन आला अन् संध्याकाळीच ओतली," रत्नमाला म्हणाली. "लय चांगली मुरली होती, भाऊजी. पिऊन एक बी माघारी गेली नाई."