चौदा पावलं

दुपारच्या शांततेत वॉकर फरशीवर टकटकला, तशी ती दाराशी येऊन उभी राहिली. साठीनंतर गावोगावी जाऊन एकवीस मॅरेथॉन धावलेले तिचे वडील पलंगापासून दारापर्यंत आले आणि हुश्श करून खुर्चीत बसले. तिच्या लेकीने भिंतीवरच्या सरावाच्या तक्त्यात लिहिलं, ‘चौदा पावलं’. काल वीस होती, महिन्यापूर्वी फाटकापर्यंत फेरी. “आज गोगलगायीशी पैज होती वाटतं?” तिने वडिलांना चिडवलं. “हरलो,” ते हसले, “पण थोडक्यात.” डॉक्टरांनी सकाळीच हात टेकले होते, हे फक्त तिला ठाऊक. त्यांचा डोळा लागला तशी लेक कुजबुजली, “आई, आजोबा म्हणायचे, मोठी शर्यत जवळ आली की पळणं रोज कमी करायचं. म्हणजे आता आलीच ना?” नाही म्हणणं तिच्या जिवावर आलं; तिने मान डोलावली. “मग त्यांची बॅग मी भरते. पण परत येतील तेव्हा आपण कुठल्या स्टेशनवर घ्यायला जायचं?”