तांदळातले देव

न्युरेम्बर्गच्या म्युझियममध्ये सासूबाई एका छोट्या चित्रापुढे थांबल्या. मेरीच्या मांडीवर बाळ येशू. त्याच्या पावलाचा रंग पार उडालेला. "हे चर्चमधलं नाही, कुणाच्या तरी घरातलं आहे," मी पाटी वाचून सांगितलं. "पाचशे वर्षांपूर्वीचं. घरची माणसं रोज त्या पावलाला हात लावायची." "आता कुठे आहेत ती?" "कुणी उरलं नाही, आई." "म्हणजे गावाला जाताना आपण देव तांदळात ठेवतो, तसं झालं हिचं," त्या म्हणाल्या. "पण परत कुणी आलंच नाही."  आठ वर्षांपूर्वी मी इकडे येताना त्यांनी तांदळाच्या डब्यात घालून दिलेले देव अजून खाली तळघरात, सायकलींमागे होते. घरी आल्यावर मी डबा वर आणला. किडलेल्या तांदळात हात घालून सासूबाईंनी बाळकृष्ण काढला. त्याच्या झिजलेल्या पावलावरून अंगठा फिरवत म्हणाल्या, "आलो रे."