आनंदाबाईंची पसंती

दोन दिवसांसाठी पुण्याहून सिंदीला आलेल्या धनंजयनं सकाळपासून आईचं डोकं खाल्लं होतं. घरातले दिवे-पंखे फोनवरून चालू-बंद करायचे हे त्यानं परस्पर ठरवलं होतं. ते वाय-फायवर चालवायचे, ब्लूटूथवर की झिगबीवर, एवढंच ठरत नव्हतं. त्याच्या नादात आनंदाबाईंची फोडणी करपली.

"झिगबी? हे काय म्हशीचं नाव हाय? भितीवर बटन हाय, मले बोटं हायेत. काऊन पैसे जाळून राह्यला?"

"आई, तुये गुडघे दुखतेत. ब्लूटूथ पलीकडच्या खोलीत पोचत नाई. झिगबी बसवू, नेट गेलं तरी चालते."

"अन् घडीघडी बंद पडते, ते कोणतं?"

"वाय-फायवालं. आपल्या इथचं नेट तुले मालूम हाय. दर दोन दिवसानं मले फोन करशीन, लाइट लागत नाई म्हणून."

"मंग तेच बसव."

धनंजयनं कपाळाला हात लावला. "आई, काहीतरीच काय!"

आनंदाबाईंनी कढईवर उलथनं आपटलं. "बिनकामाचा फोन केला का, तू मीटिंगमंदी राह्यतं."