दुखणं थांबल्यावर

गवंडीकाम करणारे मिस्त्री बांधकामाच्या परांचीवरून पडले आणि त्यांची कंबर धरली, तेव्हा डॉक्टरबाईंनी त्यांना जालीम गोळ्या दिल्या होत्या. गुण आला. मिस्त्री उठून बसले, चालू लागले. पाचव्या आठवड्यात ते बायकोला घेऊन पुन्हा दवाखान्यात आले.

"अजून दुखतंय म्हणतात. गोळ्या संपल्यात," बायको काळजीने म्हणाली.

बाईंनी लिहायला पेन उचललं, तसा मिस्त्रींच्या जिवात जीव आला. आणि त्याचीच त्यांना भीती वाटली.

"थांबा, बाई. कंबर दुखायची थांबून दहा दिवस झाले. हिच्याशी खोटं बोललो, आता तुमच्याशीही बोलणार होतो. गोळी नसली की हात कापतात, जीव कासावीस होतो."

बायको बघतच राहिली. ओळंबा लावून चाळीस वर्षं भिंती सरळ उभ्या केलेल्या त्या माणसाला आता मान वर करवेना.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "एकदम बंद करायच्या नाहीत, फार त्रास होईल. मी सांगेन तशा कमी करत जायच्या. आणि गोळ्या वहिनींच्या ताब्यात."

"दारुड्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?" मिस्त्री पुटपुटले.

बाईंनी आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"मिस्त्री, हे कबूल करायला तुम्हाला दहा दिवस लागले," त्या म्हणाल्या. "माझी पाठ दुखायची थांबली, त्यानंतर मला दोन वर्षं लागली होती."