कातडं उतरल्यावर

मानेपासून टाचांपर्यंत कातडं उतरलं आणि एल्यांदेचा सुरा थांबला.

आत अस्वल दिसत नव्हतं. रुंद खांदे, लांब हात, टाचा असलेले पाय. एखादा धिप्पाड माणूस झऱ्याकाठच्या गवतावर उघडाच निजावा तसं. धाकटा भाऊ पेल्लो मागे सरकला आणि त्याने डोक्यावरची गोल टोपी काढली.

सकाळी मेंढवाड्यामागे एल्यांदेने त्याला गोळी घातली होती. महिन्याभरात सात मेंढ्या गेल्या होत्या. खाली गावात बातमी पोचली होती. कातडं दारोदार मिरवायचं, घरोघरची अंडी आणि खारवलेलं मांस गोळा करून जेवण घालायचं, असं ठरलंही होतं.

तेवढ्यात आई, ग्राशियाना, पाव आणि चीज घेऊन चढण चढून आली. टोपली खाली ठेवून ती त्या देहाजवळ गुडघे टेकून बसली.

आम्ही बास्क लोक अस्वलांच्याच वंशातले, असं आमच्या खोऱ्यातली म्हातारी माणसं सांगत. एल्यांदे त्यावर हसायचा. पण त्याचा बाप तीन हिवाळ्यांपूर्वी चुकलेल्या मेंढरांमागे याच रानात शिरला होता, आणि बर्फ वितळल्यावर त्याची काठीसुद्धा सापडली नव्हती.

"पडताना ते काही बोलले का?" आईने विचारलं.

"आई, अस्वल होतं ते."

"विचारलं तेवढं सांग."

एल्यांदेने सुरा गवताला पुसला. "दोन पायांवर उभं राहिलं. एक हात वर केला," तो म्हणाला. "मी थांबलो नाही."

तिने अंगावरची काळी शाल काढून देहावर घातली आणि मुलांना खड्डा खणायला सांगितलं. गावकऱ्यांना काय सांगायचं, असं पेल्लोने विचारून पाहिलं. तिने मेंढवाड्यातली कुदळ आणून त्याच्या हाती दिली. उन्हं कलेपर्यंत दोघे भाऊ खणत होते. कातडंही तिने सोबतच पुरायला लावलं.

खाली आल्यावर ती घरात गेली नाही. थेट परसातल्या मधमाश्यांच्या पेट्यांपाशी गेली. घरधनी वारला की आधी मधमाश्यांना कळवायचं, म्हणजे त्या चर्चमधल्या मेणबत्त्यांसाठी जास्त मेण करतात, ही आमच्याकडची रीत. तीन वर्षं तिने त्यांना काहीच कळवलं नव्हतं.

तिने एकेका पेटीवर बोटाने हलकेच वाजवलं. एल्यांदे कुंपणाबाहेरच उभा राहिला.

"घरधनी गेले," ती माश्यांना सांगत होती. "आज सकाळी गेले."