पुस्तकात मेलेला आगवाला

नंदू सुर्वेच्या धाकट्या लेकीच्या मुलाचं, यशचं बारसं झालं त्या वर्षी, म्हणजे १९९४ साली, पाळण्याच्या फुलमाळा अजून उतरवल्याही नव्हत्या, तेव्हा सिंगापुरातल्या बिशान भागातल्या त्याच्या फ्लॅटच्या दारात एक उंच, वाकलेला अमेरिकन म्हातारा उभा राहिला आणि नंदूला बघून रडायलाच लागला.

"मनोहर," तो म्हणाला. "तू मेला होतास."

"अजून नाही, साहेब," नंदू म्हणाला. "आत या. बूट बाहेर काढा."

म्हाताऱ्याचं नाव एल्डन रूक. अमेरिकेत मोठा कादंबरीकार. १९३५ साली त्याला जग बघायचं होतं आणि खिशात भाडं नव्हतं, म्हणून पंचविशीतला रूक एका मालवाहू बोटीवर बॉयलरपाशी कामाला लागला. भट्टीत कोळसा घालणाऱ्या खलाशांना तेव्हा आगवाले म्हणत. त्याच्या पाळीत कोकणातला एक सतरा वर्षांचा आगवाला होता. तांबड्या समुद्रात उष्म्याने तो भट्टीसमोरच कोसळला. एडनला त्याला स्ट्रेचरवरून उतरवलं आणि बोट पुढे गेली. तो दवाखान्यात महिनाभर पडून बरा झाला, हे रूकला कोण सांगणार?

रूकने त्याला मेलेला धरून कादंबरी लिहिली. एका माणसाची चार तासांची पाळी, तीनशे पानं, आणि एवढ्या पानांत एकही पूर्णविराम नाही. आधी लोक हसले. मग विद्वानांनी ती डोक्यावर घेतली; कादंबरी यापुढे अशीच लिहायला हवी म्हणाले. रूकने पुढे आणखी चार पुस्तकं लिहिली, बक्षिसं घेतली, तीन लग्नं केली आणि एके दिवशी लेखणी खाली ठेवली, ती वीस वर्षं उचललीच नाही. लोकांच्या तोंडी राहिली ती पहिली कादंबरी. तिच्यातल्या आगवाल्याचं नाव त्याने बदललं नव्हतं. मनोहर सुर्वे.

नंदूच्या पासपोर्टवर तेच नाव होतं, मुलगा प्रबोध वडिलांचं नाव म्हणून तेच लावायचा. घरात मात्र सगळे नंदूच म्हणत. लाडाचं नाव असेल, असं घरच्यांनी धरलं होतं.

प्रबोधची मुलगी चैताली हिला ते पुस्तक ज्युनिअर कॉलेजात लागलं. "आजोबा, धिस इज यू ला!" असं ओरडतच ती घरात शिरली होती. मग रोज संध्याकाळी ती वाचायची आणि मोडक्या मराठीत सांगायची. शेवटची तीस पानं आगवाल्याच्या मरणाची. त्यात सगळी बोट रडते. खलाशांचा मुकादम सारंग रडतो, स्वयंपाक करणारा भंडारी चुलीशी रडतो, गोरा कप्तान टोपी काढून उन्हात उभा राहतो. ऐकता ऐकता नंदू टॉवेलात तोंड खुपसून ढसाढसा रडला.

"अहो बाबा," सून मेधा म्हणाली, "चांगले धडधाकट समोर बसलाय. स्वतःसाठी कुणी एवढं रडतं का?"

"परत वाच," नंदू चैतालीला म्हणाला. तो पन्नाशीत इंग्रजी अक्षरं शिकला होता, तीही बोटीवरच्या पाट्या वाचण्यापुरती. पण त्या पानांवरचं मनोहरचं नाव तो बोट फिरवत बरोबर शोधून काढायचा.

आजोबा जिवंत आहेत, असं चैतालीनेच प्रकाशकाला कळवलं होतं. म्हणून रूक आला होता.

चहा झाल्यावर त्याने पिशवीतून कागद काढले. आवाज ताठ होता. पुढच्या वर्षी त्याची सगळी पुस्तकं नव्याने छापायची होती. "तुझ्या मरणावर माझं नाव झालं," तो म्हणाला. चैताली एकेक वाक्य मराठीत सांगत होती. "चौऱ्याऐंशीव्या वर्षी ते मला फेडायचंय. शेवटची तीस पानं मी बदलली. आता मनोहर मरत नाही. तू हो म्हण, मग छापतो."

"बाबा, सगळ्या जगाला कळेल!" प्रबोध म्हणाला.

"आणि इथल्या पेपरात फोटो," मेधा म्हणाली. "तो ढगळ शर्ट मात्र नको हं."

नंदूने कागदांवर हात ठेवला. "चैताली, नव्या पानांत बोट रडते का गं?"

"नाही, आजोबा. आता कशाला रडतील? तुम्ही ओके आहात ना."

नंदूने कागद उचलले आणि रूकच्या मांडीवर ठेवले.

"साहेब, मनोहर मेलेलाच राहू द्या. तुम्ही लिहिलंत ते खरं आहे."

"खरं कसं? तू माझ्यासमोर बसला आहेस!"

"मी बसलोय," नंदू म्हणाला. "तो नाही."

प्रबोध काही बोलणार होता. रूकने हात वर करून त्याला थांबवलं. मग तो खुर्ची पुढे ओढून नंदूच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला.

"तो कधी गेला?"

साठ वर्षं नंदूने हे बायकोलाही सांगितलं नव्हतं. आज त्याने सांगितलं, मान खाली न घालता. वय भरत नव्हतं म्हणून तो बोटीवर चढला तो थोरल्या भावाच्या कागदांवर, भावाच्या नावाने. बोटीवरच्या नोकरीचे ते कागद भावाच्या हाती येऊन महिनाही झाला नव्हता, तोच भाऊ तापाने अंथरुणाला खिळला होता. मनोहर लक्ष्मण सुर्वे, वय वीस, १९३४ सालच्या चैत्रात गुहागरकडच्या घरी देवीच्या आजाराने वारला, आणि देवी घरात असताना रडलं तर ती कोपते म्हणून त्याच्यासाठी कुणीही, आईनेसुद्धा, टिपूस काढलं नाही.